मधला वार्ताहर हवाच कशाला?

प्रसिद्धीपत्रक ही वस्तू आपल्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेली नसते. वाचलेली मात्र पुष्कळदा असते. अमुक कंपनीने नवा कारखाना काढला, ही बातमी आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो, तेव्हा तिच्यातला बराचसा मजकूर अनेकदा त्या कंपनीच्याच कचेरीतून आलेला असतो. वर ‘कृपया प्रसिद्धीसाठी’ असा शेरा, खाली कोणाशी संपर्क साधावा त्याचे नाव. या कागदाचे मरण जवळ आल्याची भाकिते गेली वीस वर्षे चालू आहेत. कंपनीच्या प्रमुखाला आता ब्लॉग, म्हणजे इंटरनेटवरची जाहीर रोजनिशी, लिहिता येते. त्याचे म्हणणे थेट आपल्या घरात पोचते. मग मध्ये वार्ताहर हवाच कशाला?

प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण हा कागद जन्माला कसा आला, ते आधी पाहू या.

२८ ऑक्टोबर १९०६. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावाजवळ तीन डब्यांची विजेची आगगाडी पुलावरून घसरून पाण्यात पडली आणि पन्नासाहून अधिक उतारू दगावले. अपघात झाला की तोंड मिटून बसायचे आणि वार्ताहरांना जवळ फिरकू द्यायचे नाही, ही त्या काळच्या रेल्वे कंपन्यांची रीत. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा सल्लागार आयव्ही ली हा मात्र स्वतः जुना बातमीदार होता. लपवालपवी केली की अफवा दुप्पट वेगाने धावतात, हे त्याला पक्के ठाऊक. त्याने कंपनीतर्फे निवेदन लिहून वर्तमानपत्रांकडे धाडले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते जसेच्या तसे छापले. प्रसिद्धीपत्रकाचा जन्म तो हाच, असे या धंद्याच्या इतिहासात सांगतात. त्याच वर्षी लीने संपादकांना आपली तत्त्वेही कळवली. त्यांचा मथितार्थ असा, की आमचे काम उघड्यावर चालते. आम्ही दिलेली माहिती तुम्हाला जाहिरातीच्या लायकीची वाटली तर खुशाल टाकून द्या. आणि काही पडताळून पाहायचे असेल तर आम्ही मदत करू.

केवढे शहाणपण! पण याच गृहस्थाचा दुसरा उद्योग ऐका.

१९१३ साली कोलोरॅडोतल्या कोळसा खाणींत संप पेटला. १९१४ च्या २० एप्रिलला लडलो येथे संपकऱ्यांच्या तंबूंवर सशस्त्र शिपाई तुटून पडले, तंबू पेटले, आणि मेलेल्यांत बायका होत्या, लहान मुले होती. खाणीत मोठा पैसा रॉकफेलर घराण्याचा. त्यांनी लीला बोलावले. आता त्याने नुसती वर्तमानपत्रे धरली नाहीत. छोटी छोटी पत्रके छापून ती देशभरातल्या वजनदार मंडळींच्या पत्त्यांवर सरळ टपालाने धाडली. म्हणजे आजच्या ब्लॉगचा आजोबाच म्हणा ना! त्या पत्रकांत संघाच्या पुढाऱ्यांचे पगार भलतेच फुगवलेले होते. पुढे चौकशी आयोगापुढे उभे राहावे लागले, तेव्हा मालकांनी दिलेली माहिती आपण तपासली नव्हती, हे लीने कबूल केले. अप्टन सिंक्लेअर या लेखकाने त्याचे नाव ठेवले ‘विषारी आयव्ही’.

माणूस तोच आणि हातोटीही तीच. रेल्वेच्या वेळी निवेदन संपादकाच्या टेबलावर पडले होते. ते टोपलीत टाकण्याची, उलट विचारण्याची मुभा त्याला होती. पत्रके घराघरांत गेली तेव्हा विचारणारा कोणीच नव्हता.

आता आजच्या काळात येऊ. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ हे ब्लॉगचे मोठे भोक्ते. कंपनीची महत्त्वाची माहिती सर्व गुंतवणूकदारांना एकाच वेळी मिळावी, असा अमेरिकेत २००० सालापासून नियम आहे. श्वार्ट्झ यांनी २००६ साली तिथल्या रोखे आयोगाला विचारले, ही माहिती आम्ही ब्लॉगवरूनच दिली तर? गंमत अशी, की आयोगाचे अध्यक्ष ख्रिस्तोफर कॉक्स यांनी उत्तर दिले ते श्वार्ट्झ यांच्या ब्लॉगवरच जाऊन! २००८ साली आयोगाने कंपन्यांच्या संकेतस्थळांना अटींसह मोकळीक दिली. मग २०१२ च्या जुलैत नेटफ्लिक्सच्या रीड हेस्टिंग्ज यांनी फेसबुकवर सहज लिहून टाकले, की जूनमध्ये प्रेक्षकांनी आमची चित्रे एक अब्ज तासांहून अधिक पाहिली. झाली चौकशी सुरू! २०१३ साली निर्णय लागला: असे सांगायला हरकत नाही, पण कोठे सांगणार ते गुंतवणूकदारांना आधी कळवलेले असले पाहिजे.

आपल्याकडे तर शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीला महत्त्वाची गोष्ट आधी बाजाराला कळवावी लागते. चार पैसे शेअरांत गुंतवलेल्या गृहस्थाने पत्रक की ब्लॉग या वादात न पडता ती नोंद पाहावी हे बरे.

ब्लॉगचा गुण मी नाकारीत नाही. प्रसिद्धीपत्रकाची भाषा बहुधा मेलेली असते. कंपनीला नेहमी ‘आनंद’ होत असतो आणि प्रत्येक पाऊल ‘ऐतिहासिक’ असते. ब्लॉगात माणूस बोलल्यासारखा वाटतो. पण आपुलकीने बोलणाऱ्याला आपण प्रश्न कमी विचारतो, आणि तो मजकूर रातोरात बदलताही येतो. शंभर कचेऱ्यांत पोचलेला कागद परत मागवता येत नाही.

श्वार्ट्झ यांनी २०१० च्या फेब्रुवारीत सन कंपनी सोडली, तीही बातमी त्यांनी स्वतःच दिली. ट्विटरवर, चक्क एका हायकूत! (हायकू म्हटला की आपल्याला शिरीष पै आठवतात, त्यांना हा उपयोग सुचला नसता.) तीन ओळींत आर्थिक मंदी होती, हात आखडलेली गिऱ्हाइके होती, पद गेल्याची कबुलीही होती. कंपनी तोट्यात का गेली, आणि ती ओरॅकलने सात अब्जांहून अधिक डॉलरांना का विकत घेतली, हे तीन ओळींत मावणारे नव्हते. ते वार्ताहरांनी लिहिले.