घरात दुसरा राऊटर जोडताना

मागच्या भागात आपण पाहिलं, की राऊटर यंत्रांना पत्ते वाटतो, स्विच त्यांना फक्त जोडतो. आता समजा, वरच्या मजल्यावर वाय-फाय पोचत नाही म्हणून आपण जुना राऊटर लावला. इंटरनेट चालतं, पण वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सापडत नाही. का? दोन्ही राऊटर पत्ते वाटतायत, त्यामुळे एकाच घरात दोन नेटवर्क झाली.

म्हणून जोडण्याआधी जुन्याला वाटपाबाहेरचा पत्ता देऊ. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असून १०० ते १९९ वाटत असेल, तर याला १९२.१६८.१.२. मग याचं डीएचसीपी, म्हणजे पत्तेवाटप, बंद करू. शेवटी खालून आलेली केबल वॅनमध्ये नाही, लॅन पोर्टमध्ये लावू. झालं! आता हा वाय-फाय असलेला स्विचच आहे, आणि प्रिंटर वरूनही दिसतो.