पार्सलची भाकरी

सकाळचे अकरा वाजले की परभणीच्या वसमत रोडवर, जिंतूर रोडवर किंवा स्टेशनच्या बाजूला एखाद्या व्यापारी संकुलाच्या गाळ्यातून भाकरी थापण्याचा आवाज येऊ लागतो. एका बाजूला झेरॉक्सचे दुकान, दुसऱ्या बाजूला मोबाईल दुरुस्ती आणि मधल्या चिंचोळ्या जागेत दोन शेगड्या, एक लाकडी काटवट व पिठाचे डबे. बसून जेवण्याची सोय बहुधा नसतेच. गिऱ्हाईक उभे राहते, पार्सल घेते आणि निघून जाते.

हे गिऱ्हाईक म्हणजे खोली घेऊन राहणारे विद्यार्थी, कचेरीच्या कामासाठी तालुक्याहून आलेले शेतकरी आणि रुग्णालयात कोणाची तरी सोबत करणारे नातेवाईक. अलीकडे या रांगेत जैन घरांतील वृद्धही दिसू लागले आहेत. मुले पुण्याला नोकरीस, घरी दोघेच, आणि भाकरी थापणारे हात आता थकलेले. तरीही विकतची भाकरी आणणे हे घराचे न्यून समजले जाते. म्हणून पार्सल कापडी पिशवीच्या तळाशी ठेवले जाते व वर कोथिंबिरीची जुडी येते. ज्यांचा बाहेरचे अन्न न घेण्याचा नियम आहे, त्यांच्या बाबतीत बोलण्याचे कारणच नाही. परंतु ज्यांचा तसा नियम नाही, केवळ संकोच आहे, त्यांच्यापैकी काहींच्या घरी दुपारचे जेवण चहा-बिस्किटांवर भागते. हा संकोच प्रकृतीला परवडणारा नाही.

खरा प्रश्न संकोचाचा नसून ताटात काय येते याचा आहे. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मोठ्या उपाहारगृहात मेनूकार्डावर ‘जैन’ असे छापलेले असले, तरी तेथील पुष्कळ भाज्यांचा पाया एकच असतो व तो सकाळीच शिजवून ठेवलेला असतो. त्यात कांदा-लसूण असेल, तर नंतर वेगळे काढून देणे शक्य नसते. गाळ्यातील चुलीवर असा तयार पाया नसतो. पिठले समोर, पंधरा मिनिटांत होते. हिंग, जिरे, हिरवी मिरची आणि बेसन, एवढ्यावर ते उत्तम होते, आणि लसूण टाकू नये असे फोडणीपूर्वी सांगता येते. स्वस्त गाळ्याचा हा लाभ महागड्या टेबलावर मिळत नाही.

अर्थात विचारावे लागते. पोळी-भाजी केंद्रात रोजची हमखास भाजी बटाट्याची असते. ठेच्यात आणि शेंगदाण्याच्या चटणीत लसूण असतो, हे गृहीतच धरावे. पार्सलबरोबर कोणी आपुलकीने ताकाची पिशवी दिली, तर कच्चे ताक व डाळीचे पिठले एकत्र आल्याने द्विदलाचा दोष मानणाऱ्या घरांना ते चालत नाही. ताक परत करावे, त्यात कोणी राग मानत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असलेल्यांनी मुगाचे वरण आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

भाकरीचे पीठ ही परभणीची जमेची बाजू आहे. येथील कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ची. ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी ज्योती’ हे रब्बी ज्वारीचे वाण त्याच विद्यापीठाचे. ‘परभणी शक्ती’ हा लोह व जस्त अधिक असलेला वाण २०१८ साली आला. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसल्याने भाकरी गार झाली की ताठरते व मोडते. म्हणून पार्सलला कापडात गुंडाळलेला स्टीलचा डबा बरा. वर्तमानपत्राच्या कागदात अन्न बांधू नये, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली बजावले आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. तरीही तो कागद अजून हटलेला नाही.

आता हिशेब. स्वस्त म्हणजे किती स्वस्त? १९९५ साली आलेल्या युती शासनाने एका रुपयात झुणका-भाकर देऊ केली होती. पुढे अनुदान थांबले आणि ती योजना संपली. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण व भात यांचा ग्राहकास दर १० रुपये होता. मात्र शासनाने त्या वेळी थाळीची किंमत शहरात ५० व ग्रामीण भागात ३५ रुपये धरली होती आणि उरलेली रक्कम अनुदानातून द्यावयाची होती. म्हणजे जागा, गॅस व मजुरी धरून साध्या जेवणास काय लागते, याचा सरकारी अंदाजच उपलब्ध आहे. गाळ्यातील बाईंना अनुदान नाही. त्यांना १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा लागतो, भाडे द्यावे लागते आणि न विकलेल्या भाकरीचे नुकसानही सोसावे लागते. त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याने हा ताळेबंद एकदा मांडून पाहावा. रस्त्यावरील विक्रेत्यांसाठी १ जून २०२० रोजी प्रधानमंत्री स्वनिधी योजना आली, तेव्हा पहिले विनातारण कर्ज १०,००० रुपयांचे होते. ज्या धंद्यात एवढ्याशा रकमेने दोन पातेली आणि महिन्याचे पीठ येते, तेथे नफ्याची रेघ किती बारीक असते हे वेगळे सांगावयास नको.

संध्याकाळची अडचण मात्र सुटलेली नाही. डिसेंबरच्या आरंभी परभणीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि गाळ्यांतील सायंकाळची चूल बहुधा सातनंतर पेटते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना ती निरुपयोगी. दुपारची भाकरी संध्याकाळपर्यंत ठेवून खाणे हा एक मार्ग आहे, पण थकलेल्या दातांना ती पेलत नाही. एकाच गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून पाच वाजताची मागणी रोज नक्की केली, तर कोणताही गाळेवाला चूल लवकर पेटवील, कारण ठरलेली विक्री त्यालाही हवीच असते. डबे एकाने आणावयाचे, पैसे महिन्याच्या एक तारखेस द्यावयाचे, आणि पिठल्यात लसूण नको हे पहिल्या दिवशीच सांगावयाचे.