तापलेल्या इंजिनाचे निदान

गोव्याहून माल भरून एखादी जुनी पिकअप गाडी चोर्ला घाटाने बेळगावकडे चढू लागते आणि वळणावळणाला तिचा उष्णतेचा काटा तांबड्या खुणेकडे सरकतो. पुढच्या गावी एक मिस्त्री थर्मोस्टॅट बदलावयास सांगतो, दुसरा रेडिएटर. पैसे जातात, ताप मात्र राहतो. रोग्याला ताप केव्हा चढतो हे वैद्य आधी विचारतो. इंजिनाच्या बाबतीतही तेच करावयास हवे. गाडी केव्हा तापते, या प्रश्नाच्या उत्तरातच बहुधा दोषाचे स्थान सापडते.

इंधनातील उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली बहुतेक पाण्याला वाहून न्यावी लागते. पंप हे पाणी इंजिनात फिरवितो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते निवते आणि थर्मोस्टॅट नावाची झडप सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअसला उघडून त्याला रेडिएटरची वाट मोकळी करून देते. या साखळीची कोणती कडी तुटली, एवढेच शोधावयाचे असते.

गाडी बाजारातील गर्दीत तापते, पण मोकळ्या रस्त्यावर धावू लागताच निवते, असे असेल तर वारा कमी पडत आहे असे समजावे. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यानेच पुरवावा लागतो. तेव्हा पंखा व त्याचा पट्टा प्रथम तपासावा. उलट, गाडी चढावर किंवा भरवेगातच तापत असेल तर बहुधा रेडिएटर अपुरा पडत असतो. त्याच्या पत्र्यांत चिखल व भुसा अडकलेला असेल, किंवा विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्यामुळे आत क्षारांची पुटे बसलेली असतील.

थंड इंजिन सुरू करताच काही मिनिटांत काटा वर जातो, तरी रेडिएटरची वरची नळी गारच लागते, तेव्हा बहुतेक जुन्या इंजिनांत थर्मोस्टॅट अडकल्याचा संशय घ्यावा. तो काढून पातेल्यातील पाण्यात सोडावा व पाणी तापवावे. पाणी उकळू लागले तरी झडप उघडली नाही, तर तो निकामी झाला. मात्र थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी तशीच चालविणे हा उपाय नव्हे. त्याने इंजिन नीट तापत नाही, झीज वाढते आणि इंधनही अधिक लागते.

सर्वांत गंभीर लक्षण निराळेच आहे. कोठेही गळती न दिसता पाणी कमी होते, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात किंवा तेल दुधाळ दिसते. ही हेड गॅस्केट गेल्याची खूण होय. अशी गाडी पुढे रेटल्यास हेड वाकते किंवा तडकते, आणि जेथे गॅस्केटचा खर्च होता तेथे सबंध इंजिन उघडण्याची पाळी येते. स्वतःच्या एकाच गाडीवर संसार चालविणाऱ्याला हा घाव मोठा असतो.

दोन गोष्टी चालकाने विसरू नयेत. रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब राहतो, म्हणून शंभर अंशांच्या वर गेलेले पाणीही उकळत नाही. झाकण फिरविताच ते उसळून तोंडाहातावर येते. इंजिन पुरते निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये, आणि तापल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये. दुसरे असे, की चढलेला काटा एकाएकी खाली आला म्हणजे इंजिन निवलेच असे नाही. पाणी संपून काट्याला उष्णता कळविणारा भाग कोरडा पडला, तरीही काटा खाली येतो. अशा वेळी गाडी तेथेच थांबवावी.

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी गाडी कोठे तापली, किती वेळाने तापली आणि किती पाणी घालावे लागले, हे वहीत लिहून ठेवावे. त्या चार ओळी त्याच्या हाती दिल्या, तर चांगला मिस्त्री पाना उचलण्यापूर्वी त्या वाचील.