स्नोमोबाईलची वाकलेली चासी ठोकून सरळ का करत नाहीत?

गुलमर्गला जाऊन आलेल्यांना बर्फावरची ही स्कूटर माहीत असेल. तिथे ती पर्यटकांची गंमत. कॅनडा आणि अलास्कातल्या दूरच्या वस्त्यांमध्ये मात्र हिवाळ्यात बाजार, शिकार, दवाखाना सगळं हिच्यावरच चालतं. क्यूबेकमधल्या वालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए यांची 'स्की-डू' १९५९ साली बाजारात आली, तेव्हापासून.

बर्फाखालचा दगड किंवा झाडाचा बुंधा दिसत नाही. गाडी जोरात आपटली की बहुतेक वेळा आधी वाकतात ते स्कीला धरणारे ए-आर्म. ते सुटे मिळतात, बोल्ट खोलून बदलता येतात. खरी डोकेदुखी त्याच्या मागे असते. पुढचा सांगाडा म्हणजे बल्कहेड, आणि सीटखालचा लांब पत्र्याचा बोगदा म्हणजे टनेल. ही दोन्ही बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमची.

आपल्याकडचा डेंटिंगवाला पत्रा तापवून, ठोकून सरळ करतो, कारण तो पत्रा लोखंडी असतो. तापलं की लोखंड लाल होऊन इशारा देतं. ॲल्युमिनियम लाल न होताच ६६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून जातं. शिवाय चासीतले कितीतरी भाग कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेले असतात. ती ताकद वितळण्याच्या कितीतरी आधीच उतरते. वेल्डिंग केलं तर सांधा दिसायला छान, पण शेजारची पट्टी मऊ. थंडच ठोकावं तर एकदा वाकलेली जागा परत वाकवताना तडकते.

म्हणून आधी मोजमाप. दोन्ही बाजूंच्या ठरावीक छिद्रांमधलं अंतर तिरकं, फुलीसारखं मोजतात. दोन आकडे जुळले नाहीत तर सांगाडा पिळला गेलाय. लांबट झालेली छिद्रं, सैल रिव्हेट, रिव्हेटभोवती उडालेला रंग हीसुद्धा लक्षणं. बारीक तडा शोधायला लाल रंगाचं द्रव लावून पुसतात आणि वर पांढरी पावडर फवारतात. तडा असेल तिथे लाल रेघ उमटते.

टनेलच्या कडेला किरकोळ बाक असेल तर लाकडी ठोकळे लावून हळूहळू काढतात. बल्कहेडला मात्र दयामाया नाही. जुने रिव्हेट ड्रिलने काढायचे आणि भाग नवा बसवायचा. स्टिअरिंग आणि स्की त्याच्याच आधारावर असतात. वस्तीपासून लांब, उणे ३० अंशांत तो तुटला तर चालत परतणं जिवावर बेततं.

टनेल बदलताना आणखी एक भानगड आहे. गाडीचा चासी नंबर बहुधा त्यावरच कोरलेला असतो, त्यामुळे पत्र्यासोबत कागदपत्रंही नव्याने करावी लागतात.