प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटाच धावतो

लखनौच्या युनिव्हर्सिटी रोडवर बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था आहे. पंडित नेहरूंनी ३ एप्रिल १९४९ रोजी तिची कोनशिला बसवली आणि आठवड्याभरातच तिचे संस्थापक प्रा. साहनी वारले. लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वीचे परागकण आणि बीजाणू इथे अभ्यासले जातात. साध्या सूक्ष्मदर्शकात सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. म्हणून परागकणावरची बारीक नक्षी पाहायला स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो.

त्या यंत्राच्या निर्वात नळीत धावतात ते कॅथोड किरणच, म्हणजे ऋणाग्रातून निघणारे किरण. एकोणिसाव्या शतकात यांच्यावरून मोठा वाद पेटला होता. हे किरण म्हणजे तरंग, असे बहुतेक जर्मन शास्त्रज्ञ म्हणत. ब्रिटिश म्हणत, हे कण. विद्युतक्षेत्रात किरण वळत नाहीत असे १८८३ मध्ये हाइनरिक हर्ट्झला दिसले आणि तरंगाची बाजू भक्कम झाली. पण हर्ट्झच्या नळीत वायू उरला होता. जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये आणखी चांगली निर्वात पोकळी साधली, तेव्हा किरण वळले. कण सापडला, तोच इलेक्ट्रॉन, आणि तोही हायड्रोजनच्या अणूपेक्षा सुमारे १,८३७ पट हलका.

तो किती हलका, हे मायक्रोस्कोपच्या झोतावरूनच पाहू. अशा यंत्रात सहज वापरला जाणारा प्रवाह धरू: एक नॅनोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा अब्जावा भाग. एवढ्याशा प्रवाहात दर सेकंदाला ६२४ कोटी इलेक्ट्रॉन खाली येतात. तरीही त्यांचे वजन एक ग्रॅम भरायला जवळपास ५५८ कोटी वर्षे लागतील. पृथ्वीचे वय आहे ४५४ कोटी वर्षे. पृथ्वी जन्मली त्या क्षणी हा झोत सुरू केला असता आणि एकदाही बंद केला नसता, तरी आज ०.८ ग्रॅमच्या आसपासच इलेक्ट्रॉन जमले असते.

मग तरंग की कण हा वाद १८९७ मध्येच मिटायला हवा होता. पण १९२४ मध्ये लुई द ब्रॉग्लीने कणालाही तरंगलांबी असते असे मांडले. अमेरिकेत डेव्हिसन आणि जर्मर यांनी १९२७ मध्ये निकेलच्या स्फटिकावर ५४ व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडले, तर ५० अंशांच्या कोनात त्यांचा ठळक झोत उमटला. त्यावरून तरंगलांबी निघाली ०.१६५ नॅनोमीटर; द ब्रॉग्लीचे सूत्र सांगत होते ०.१६७. त्याच सुमारास जे. जे. थॉमसनचा मुलगा जॉर्ज याने धातूच्या पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन पाठवून तरंगांची वलये मिळवली. वडिलांना १९०६ चे नोबेल मिळाले होते, मुलाला १९३७ चे.

कोट्यवधी इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, त्या गर्दीतून तरंग दिसतो, अशी शंका इथे येते. आकडे ती टिकू देत नाहीत. १५,००० व्होल्टला इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे ७१,००० किलोमीटर होतो. त्यामुळे सेकंदाला ६२४ कोटी येत असूनही एका इलेक्ट्रॉनमागून दुसरा सरासरी १.१ सेंटिमीटर अंतरावर असतो. त्याची तरंगलांबी मात्र ०.०१ नॅनोमीटर, हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा सुमारे ५५,००० पट लहान. ही तरंगलांबी एक मिलिमीटर होईल इतके सगळे मोठे केले, तर एक इलेक्ट्रॉन लखनौला असताना त्याचा सरासरी शेजारी जवळजवळ पुण्याला असेल.

अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये जपानमध्ये हा संशय पुरता निकालात काढला. त्यांच्या प्रयोगात सेकंदाला हजाराहून कमी इलेक्ट्रॉन येत होते आणि वेग होता सेकंदाला १,२०,००० किलोमीटर. म्हणजे दोघांतले सरासरी अंतर १२० किलोमीटरहून अधिक, लखनौ ते कानपूरपेक्षा जास्त. यंत्राची लांबी जेमतेम दीड मीटर. त्यात बहुतेक वेळ एकही इलेक्ट्रॉन नसे; असला तर एकटाच. पडद्यावर सुरुवातीला सुटे ठिपके उमटले, कुठेही पडल्यासारखे. हजारो ठिपके साठल्यावर त्यांतून तरंगांचे स्वच्छ पट्टे उभे राहिले.

तेव्हा गर्दीचा यात काही हात नाही. हर्ट्झला अभिप्रेत असलेला तरंग ईथर नावाच्या कल्पित माध्यमातला होता. तो हरला, तो कायमचा. इलेक्ट्रॉनचा तरंग वेगळा: इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, हे तो ठरवतो. पडद्यावर मात्र प्रत्येक वेळी पूर्ण एक इलेक्ट्रॉनच नोंदला जातो, अर्धा कधीच नाही. कॅथोड किरण वाटेत तरंगाच्या नियमाने चालतात आणि पोहोचतात कण म्हणून; या दोन्हींपैकी एकच निवडा असा आग्रह निसर्गाने कधी धरलेला नाही, तो आपणही सोडून द्यावा.