काँक्रीटच्या पुलाचे बळ किती उरले?

गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवर १९७० च्या सुमारास बांधलेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्याचे वय वीस वर्षेही नव्हते. पूल पूर्वताणित काँक्रीटचा होता. म्हणजे काँक्रीटच्या पोटात पोलादी तारा ताणून बसविलेल्या होत्या. खाऱ्या, दमट हवेत त्या आतल्या आत गंजत गेल्या. वरून धडधाकट दिसणाऱ्या पुलाच्या अंगी किती बळ उरले आहे हे ओळखावे कसे, हा प्रश्न किनारपट्टीवर म्हणूनच विशेष निकडीचा आहे.

पुलाला इजा न करता तपासण्याच्या काही रीती आहेत. काँक्रीटमधून ध्वनिलहर सोडून तिला लागलेला वेळ मोजतात. चांगल्या काँक्रीटमध्ये ती सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर धावते. वेग ३ किलोमीटरच्या खाली आल्यास आत भेगा वा पोकळ्या असल्याची शंका घेतात. पृष्ठभागावरील विद्युत्‌दाबावरून सळया गंजत असण्याचा संभव कळतो. आपटून उसळी मोजणारा हातोडा स्वस्त व सोयीचा खरा, परंतु तो बोलतो ते वरच्या थराविषयीच.

या नोंदींवरून संगणकात पुलाची गणिती प्रतिकृती उभारतात. तीत पूल हजारो लहान तुकड्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याने शेजाऱ्यावर दिलेल्या जोराची समीकरणे एकत्र सोडविली जातात. मापे मूळ नकाशातील न घेता आजची घ्यावयाची. झिजलेली सळी झिजलेलीच धरावयाची.

प्रतिकृती खरी की नाही हे पडताळण्यासाठी भरलेले ट्रक पुलावर उभे करून त्याचा वाक मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार भार २४ तास ठेवला जातो. तो काढल्यावर पूर्वताणित पुलाने किमान ८५ टक्के वाक भरून काढावा, अशी अपेक्षा असते.

येथे एक मेख आहे. वाकावरून पुलाचा ताठरपणा कळतो, बळ नव्हे. काँक्रीटला तडा जाईपर्यंत काही तारा तुटल्या तरी वाकात फारसा फरक पडत नाही. म्हणून जाणता अभियंता संगणकाला एकच प्रश्न विचारून थांबत नाही. दहा टक्के तारा गेल्या असतील तर? तीस टक्के? प्रत्येक वेळी तो उत्तर काढतो. मगच एस.टी. गाड्या सोडावयाच्या, भारमर्यादेचा फलक लावावयाचा, की पूल बंद करावयाचा, हे ठरते.