ऑइल एंजिन तापतें आणि धूर सोडतें तेव्हां

चैत्र संपत आलेला, विहिरीचें पाणी खालीं गेलेलें, उसाची पाळी चार दिवसांनीं लांबलेली, आणि नेमक्या अशा वेळीं विहिरीवरचें एंजिन काळा धूर ओकूं लागतें. हात लावावा तर चटका बसतो. असा प्रसंग ज्याच्यावर आला नाहीं असा बागाईतदार क्वचितच सांपडेल. अशा वेळीं बहुतेकांकडून दोन गोष्टींपैकीं एक घडते. कोणी 'एवढी पाळी पुरी होऊं द्या, मग पाहूं' असें म्हणून एंजिन तसेंच चालवितात. कोणी घाबरून घागरभर गार पाणी त्याच्या डोक्यावर ओततात. पहिलीनें दट्ट्या सिलिंडरांत अडकून बसतो, दुसरीनें बिडाला तडा जातो. दोहोंचा शेवट एकच : चार तासांत निघाला असता असा दोष महिनाभर घरीं बसवितो, आणि तेवढ्यांत पीक वाळून जातें.

वस्तुतः एंजिन एकाएकीं बिघडत नाहीं. बिघडण्यापूर्वीं तें आपल्या परीनें सांगत असतें. त्याचा धूर आणि त्याची ऊब या दोन खुणा ज्याला वाचतां येतात, त्याला मिस्तरीची वाट पाहत बसण्याची पाळी फारशी येत नाहीं. त्या खुणा शेतकरी बंधूंस समजाव्या एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

उष्णता कोठून येते व कोठें जाते

रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें आपलें एंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. त्याचें तत्त्व सोपें आहे. सिलिंडरांतील हवा दट्ट्यानें इतकी दाबावयाची कीं ती आपोआप ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापावी. मग तींत तेलाचा बारीक फवारा सोडावयाचा, म्हणजे ठिणगीवांचूनच तेल पेट घेतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें किर्लोस्करवाडीस कारखाना मांडला व पुढें १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली. तेव्हांपासून हें यंत्र आपल्या विहिरींवर व नदीकांठीं घरचेंच झालें. आज विजेचे पंप सर्वत्र झाले असले तरी वीज वेळेवर न मिळणाऱ्या गांवीं, आणि नदीच्या पात्रांत, एंजिनाला अजून पर्याय थोडाच आहे.

जळलेल्या तेलाच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश कामीं येते, जवळजवळ तितकीच धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यानें किंवा हवेनें काढून न्यावी लागते. म्हणून एंजिन तापलें कीं प्रश्न दोनच : उष्णता नेहमींपेक्षां अधिक उत्पन्न होते आहे काय? किंवा उत्पन्न होणारी उष्णता नेहमींप्रमाणें निघून जात नाहीं काय? सर्व कारणें या दोन प्रश्नांच्या पोटांत येतात.

धुराचा रंग

निरोगी एंजिनाचा धूर जवळजवळ दिसत नाहीं. तो दिसूं लागला कीं प्रथम रंग पाहावा.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलें तेल. हवा कमी पडते किंवा तेल जास्त होतें. हवेची गाळणी भुसा, पाचट व धूळ यांनीं चोंदलेली असणें हें याचें नित्याचें कारण. म्हणून पाना हातांत घेण्यापूर्वीं गाळणी काढून पाहावी. त्यानंतर फवारा सोडणाऱ्या नोझलाकडे वळावें. नोझलाची भोंकें झिजलीं किंवा काजळीनें भरलीं कीं तेल फवाऱ्याऐवजीं धारेनें पडतें व पुरतें जळत नाहीं. तिसरें कारण म्हणजे एंजिनावर पडलेला जास्त भार. त्याविषयीं पुढें सांगितलें आहे.

निळसर धूर म्हणजे वंगणाचें तेल जळत आहे. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या किंवा चिकटल्या, व्हॉल्व्हचा मार्ग सैल झाला, अथवा खालच्या तळांत खुणेच्या वर तेल भरलें, तर हा धूर येतो. कित्येक एंजिनांना तेलांत बुडविलेली हवेची गाळणी असते. तींतही प्रमाणाबाहेर तेल ओतल्यास तें थेट सिलिंडरांत ओढलें जातें. अशा वेळीं निळा धूर दाट होऊन एंजिनाचा वेग आपोआप वाढूं लागला, तर तें स्वतःचेंच वंगण जाळून धांवूं लागलें आहे असें समजावें. मग डीझेल बंद करूनही तें थांबत नाहीं. हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून धरावी. हवा तुटतांच एंजिन बंद पडतें. हाताचा तळवा मात्र तेथें कधींही लावूं नये.

पांढरा धूर सकाळीं चालू करतांना थोडा वेळ दिसला तर चिंता नको. थंड सिलिंडरांत तेल न जळतां वाफ होऊन जातें. पण एंजिन गरम झाल्यावरही तो राहिला, तर डीझेलमध्यें पाणी आहे, दाब कमी पडतो आहे, किंवा हेडखालचें गॅस्केट फुटून थंडाव्याचें पाणी सिलिंडरांत शिरतें आहे. वंगणाची काठी काढून पाहावी. तेल दुधासारखें पांढुरकें दिसलें तर पाणी आंत शिरलें हें निश्चित. असें एंजिन एक मिनिटही चालवूं नये.

पाण्याची वाट

विहिरीवरील बहुतेक पाण्यावरच्या एंजिनांत पंपाच्याच पाण्याचा एक बारीक फांटा सिलिंडरभोंवतालच्या पोकळींतून फिरवून बाहेर सोडलेला असतो. बाहेर पडणाऱ्या त्या धारेखालीं रोज एकदां बोट धरण्याची संवय ठेवावी. बोट क्षणभर टिकावें, फार वेळ टिकूं नये, इतपत ऊब योग्य. धार बारीक होऊन वाफाळूं लागली तर नळी गाळानें, शेवाळानें किंवा क्षारांनीं भरली आहे. ज्या विहिरींचें पाणी मचूळ व जड आहे, तेथें सिलिंडरच्या पोकळींत चुनखडीसारखा थर बसतो. हा थर उष्णतेला अडवितो. पाणी भरपूर वाहत असूनही बीड आंतून तापत राहतें. तो काढण्यास लिंबाच्या सत्त्वाचें पातळ पाणी कांहीं तास पोकळींत भरून ठेवावें व नंतर स्वच्छ पाण्यानें पुष्कळ वेळ धुवावें. मात्र पहिल्या वेळीं जाणत्या माणसास जवळ घ्यावें.

उलट, कांहींजण फांट्याची तोटी पुरी उघडून एंजिन अगदीं गार ठेवितात व त्यांतच समाधान मानतात. हेंही चुकीचें. फार थंड सिलिंडरांत तेल नीट जळत नाहीं, काजळी धरते, आणि धुरांतील ओलावा व गंधक मिळून झालेलें आम्ल सिलिंडर खातें. हवेनें थंड होणाऱ्या एंजिनांत पाण्याची चिंता नाहीं, पण त्याच्या पात्यांमध्यें पाचट व तेलकट धूळ बसूं देऊं नये, आणि त्याची खोपटी इतकी बंद असूं नये कीं सोडलेली गरम हवाच तें पुन्हा ओढून घेईल.

भार : न दिसणारा शत्रु

पुष्कळदां एंजिनांत कांहींच दोष नसतो. दोष पंपाकडे असतो. सेंट्रिफ्युगल पंपाचा वेग वाढविला तर लागणारी शक्ति वेगाच्या घनप्रमाणांत वाढते. म्हणजे वेग एक दशांशानें वाढविला कीं भार जवळजवळ एक तृतीयांशानें वाढतो. जास्त पाण्याच्या लोभानें एंजिनाची पुली थोडी मोठी बसविणाऱ्यानें हा हिशेब ध्यानांत ठेवावा.

दुसरी गोष्ट तर अनेकांस उलटी वाटेल. विहिरीचें पाणी वर आलें म्हणजे काम हलकें व्हावें असें आपण समजतों. परंतु या जातीचा पंप उपसा कमी झाला कीं जास्त पाणी फेकतो व एकंदर शक्ति बहुधा अधिकच मागतो. एका भाद्रपदांत आमच्याच विहिरीवर हा अनुभव आला. श्रावणांत विहीर भरली होती, मग पावसानें ओढ दिली म्हणून एंजिन लावलें. पाणी नेहमींपेक्षां जोरानें पडत होतें, आणि एंजिन मात्र काळें ओकत होतें. मिस्तरीनें नोझल बदलला, इंधनाचा पंप उघडला. गुण आला नाहीं. शेवटीं पाणी सोडण्याचा व्हॉल्व्ह थोडा आवळला, तसा धूर पातळ झाला व तासाभरांत ऊबही उतरली. दोन दिवस आणि नोझलाची किंमत आमच्या अज्ञानापायीं गेली.

खाडीवरचीं एंजिनें

कोंकणांत बाणकोट, दाभोळ, जयगड यांसारख्या खाड्यांच्या कांठीं ज्यांची शेती आहे, त्यांच्या होड्यांवरही अशींच एंजिनें असतात, व तीं तापण्याचीं कारणें याच जातीचीं आहेत. ज्या होडींत पाणी धुराच्या नळीवाटेंच बाहेर टाकलें जातें, तेथें धुराबरोबर पाणी पडण्याऐवजीं नुसती वाफ दिसली तर पाणी घेण्याचें तोंड शेवाळानें किंवा प्लास्टिकच्या पिशवीनें बंद झालें आहे, अथवा पाणी ओढणाऱ्या लहान पंपाचें रबरी चक्र फाटलें आहे. या चक्राचीं तुटलेलीं पातीं पुढील नळींत अडकून बसतात. नवें चक्र घालण्यापूर्वीं तीं शोधून काढावीं. काळा धूर दिसल्यास पंख्याला जाळें किंवा दोर गुंडाळला आहे काय हें, एंजिन बंद करूनच, पाहावें. तळाला शिंपले व शेवाळ चिकटलेली होडीही जड जाते व एंजिनावर तोच जादा भार टाकते.

विहिरींतील धूर

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. पंप पाणी ओढतो तें हवेच्या दाबानें. तो दाब हिशेबानें सुमारें ३३ फूट पाणी चढवील, पण व्यवहारांत २० ते २२ फुटांवर ओढ चालत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत पाणी खालीं गेलें कीं शेतकरी पंपाबरोबर एंजिनही विहिरींतल्या टप्प्यावर उतरवितो. एंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जो पदार्थ प्राणवायु वाहून नेतो, त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला डोकें जड वाटतें, मळमळतें, पायांतील बळ जातें, आणि शिडी चढण्याइतकी शुद्ध राहत नाहीं. रॉकेल किंवा पेट्रोलवरच्या एंजिनांत हा वायु पुष्कळच असतो. डीझेल एंजिनांत तो कमी असला तरी तापलेलें, भाराखालीं काळा धूर सोडणारें एंजिन तो वाढवितें, शिवाय विहिरींतील प्राणवायु तेंच खाऊन टाकतें.

कंदील सोडून परीक्षा करण्याची जुनी रीत येथें पुरी पडत नाहीं. प्राणवायु अगदींच कमी झाला तर कंदील विझतो, पण या विषारी वायूंत तो खुशाल जळत राहतो. म्हणून नियम असा : एंजिन चालू असतां खालीं उतरूं नये, बंद केल्यावरही हवा खेळती होईपर्यंत थांबावें, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याचें टोंक वर दोन माणसांच्या हातीं द्यावें. खालीं कोणी पडलेला दिसला तर दोराशिवाय मागोमाग उडी घेऊं नये. एकाला वांचवावयास गेलेला दुसरा, मग तिसरा, अशीं एकाच घरचीं माणसें या रीतीनें गेलेलीं आहेत. धुराची नळी विहिरीबाहेर नेणें अवश्यच आहे. परंतु लांब नळी मूळच्या मापापेक्षां रुंद असावी, नाहीं तर धूर कोंडून एंजिन पुन्हा तापतें.

प्रसंगीं काय करावें

एंजिन तापल्याचें कळतांच प्रथम भार कमी करावा. पाण्याची धार चालू असेल तर हलक्या वेगावर कांहीं मिनिटें फिरूं द्यावें व मग थांबवावें. धार बंद पडली असेल तर लगेच थांबवावें. वरून गार पाणी ओतूं नये. रेडिएटर असल्यास त्याचें झांकण गरम असतां उघडूं नये. निदान अर्धा तास निवूं द्यावें, मग हातानें चाक फिरवून पाहावें. जड लागलें तर जोर करूं नये. नंतर क्रमानें वंगण, पाण्याचा फांटा, हवेची गाळणी, पुलीचें माप व व्हॉल्व्ह, आणि सर्वांच्या शेवटीं नोझल पाहावा. स्वस्त तें आधीं, महाग तें मागाहून.

याखेरीज एंजिनाजवळ एक लहान वही टांगून ठेवावी. रोज किती तास चाललें, किती तेल लागलें, वंगण केव्हां बदललें, धूर कसा होता, एवढ्या चार गोष्टी तींत लिहाव्या. बैलाची भूक मंदावली तर आपल्या ध्यानांत येतें, कारण आपण त्याला रोज पाहतों. एंजिनाकडेही तितकेंच रोज पाहावें, आणि विहिरींत उतरणाऱ्या माणसाकडे त्याहून अधिक, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.